शेवटच्या खोलीचा शेरा

मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला कुठलीही जागा दाखवा, त्याचे प्रश्न तीनच. स्टेशनपासून किती? पाणी किती वेळ? आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, लोक कसे आहेत? भाड्याची खोली, लग्नाचा हॉल, मुलाची शाळा, मुलीचं सासर, सगळ्यांची परीक्षा या तीन प्रश्नांत आटोपते आणि निकाल सहसा चुकत नाही. पण अलीकडे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत अशा काही जागा उभ्या राहिल्या आहेत, की त्यांच्यापुढे हा मुरलेला उपनगरवासीही गांगरतो. बाहेरून हॉटेल, आतून हॉस्पिटल आणि माहितीपत्रकात 'आपलंच घर'. खुब्याचं हाड मोडलेल्यांना तिथे पुन्हा चालायला लावतात, अर्धांगवायू झालेल्यांना घास तोंडापर्यंत न्यायला शिकवतात, आणि ज्यांच्याकडे बघायला घरी कोणी नाही त्यांना ठेवूनही घेतात.

आमच्यावर अशी जागा पारखायची वेळ आली ती आत्यामुळे. आत्या मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचा बॉल बदलावा लागला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी हातात वॉकर देऊन चार पावलं चालवलं, आठवडाभरात घरी सोडलं, आणि सोडताना सांगितलं, "हाडाचं काम आम्ही केलं, आता खरं काम तुमचं." मेडिक्लेमही इथपर्यंतच सोबत येतो. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना केंद्र सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरात आयुष्मान योजनेत घेतलं, पाच लाखांचं कवच दिलं, पण तेही इस्पितळातल्या उपचारांसाठी. इस्पितळ आणि घर यांच्यामध्ये जो लांबलचक जिना आहे, तो ज्याचा त्यानं चढायचा.

काही दिवस आत्याला आमच्या तळमजल्यावरच्या घरी आणलं आणि ब्यूरोची बाई ठेवली. ब्यूरो ही मुंबईची खास संस्था. फोन केला की बाई येते, बाईशी ओळख होते, आत्याला ती आवडू लागते, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची गावाला जत्रा असते. दुसरी येते. तिला पहिलीनं काय केलं ते माहीत नसतं. शेवटी आत्यालाच दर बाईला स्वतःचा नीट परिचय करून द्यावा लागे. मग आतेभाऊ बंगळुरूहून आणि आतेबहीण न्यू जर्सीहून म्हणाली, की आता चांगलं सेंटर बघू या.

दोघांनी मिळून एक तक्ता केला. ऑक्सिजन, रुग्णवाहिका, चोवीस तास डॉक्टर, सीसीटीव्ही, मोबाइलवर रोजचा अहवाल, जनरेटर, अग्निशमन. एकेका सेंटरला दहापैकी गुण. तक्ता उत्तम होता. त्यात एकच रकाना नव्हता, आत्याचं मत. तिनं चष्मा लावून तो तक्ता वाचला आणि म्हणाली, "विमानतळ शोधताय का?"

भूगोलानं बरंचसं काम परस्पर केलं. बोरिवलीचं एक सेंटर छान होतं, पण मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. डोंगराखालून ठाणे-बोरिवली बोगदा व्हायचा आहे, तोपर्यंत आत्याच्या मैत्रिणींनी वळसा घालून यायचं किंवा बिबट्यांची परवानगी काढायची. ही थट्टा नाही. भेटायला येणाऱ्याला जागा किती सोयीची, ही अशा ठिकाणची मोठी कसोटी आहे, कारण ज्याच्याकडे माणसं येतात त्याची चादर जरा लवकर बदलली जाते. घाटकोपरच्या सेंटरमध्ये कांदा-लसूण वर्ज्य होतं. शुक्रवारी बोंबील खाऊन मोठी झालेली आत्या म्हणाली, "माझं हाड मोडलंय, जीभ नाही." राहिलं अंधेरीचं. २०१४ साली घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हापासून मुलुंडकरांना अंधेरी परकी राहिली नाही. घाटकोपरला उतरायचं, जिना चढायचा, की थंडगार हवेत पलीकडे.

"मी स्वतः येणार," आत्या म्हणाली. आम्ही व्हीलचेअर, उशा, पाण्याची बाटली घेतली. तिनं फक्त लाल पेन घेतलं.

इथे तिची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आत्यानं आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होती. म्हणजे तिनं शाळा-तपासणी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. तपासणीच्या आधी भिंतींना चुना लागतो, कुंड्या येतात, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार उमटतो आणि हुशार मुलं पहिल्या बाकावर बसतात. साहेब प्रश्न विचारतात, पहिला बाक उत्तर देतो, साहेब चहा पिऊन 'समाधानकारक' असा शेरा मारून जातात. "खरी शाळा बघायची तर शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं," असं ती सांगते, "आणि मुलाची वही मधूनच कुठेतरी उघडायची."

तळमजल्याचा हॉल हा अर्थातच पहिला बाक होता. पांढरी फुलं, पांढरे सोफे, दोन प्रसन्न आजोबा कॅरम खेळत होते. एक आजी फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं समांतर दांड्यांमधून चालत होत्या आणि चालता चालता हसतही होत्या. व्यवस्थापक तरुण होते, आत्याला सारखं "आजी, आजी" म्हणत होते आणि बोलत मात्र आमच्याशी होते. "आजींना मधुमेह आहे का? आजी रात्री उठतात का?" आत्यानं मला विचारलं, "यांना सांग, आजी मराठी बोलतात."

मग आत्याचीच तपासणी झाली. सेंटरनं बार्थेल निर्देशांकाचा कागद काढला. अमेरिकेत १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही गुणपत्रिका आजही जगभर वापरतात. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, खाटेवरून खुर्चीत येणं, चालणं, जिना अशा दहा गोष्टी आणि एकूण गुण १००. गुण पाच-पाचच्या पटीत. आत्याला ५५ पडले. उभ्या आयुष्यात पंचावन्न न पाहिलेली बाई तो कागद दोनदा उलटसुलट करून बघत होती. "जिन्याला दहाच गुण? माझ्या घरी तीन मजले आहेत, तिथे नव्वद हवेत." पुढे म्हणाली, "आणि बोलण्याला, विचार करण्याला काहीच नाही?" खरंच नाही. शरीराला किती मदत लागते एवढंच हा कागद मोजतो. मनाच्या आणि स्मरणाच्या चाचण्या निराळ्या. आत्यानं मान डोलावली. "म्हणजे पेपर पहिला झाला, पेपर दुसरा राहिला."

घरी येऊन मी जगात अशा संस्थांना गुण कसे देतात ते वाचलं आणि आत्याला सांगितलं. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना सरकार एक ते पाच तारे देतं. सुरुवातीला कर्मचारी किती आहेत हे संस्थाच कळवत. पुढे सरकारनं पगारपत्रकांवरून आकडे घ्यायला सुरुवात केली. "म्हणजे आधी मुलंच स्वतःचे पेपर तपासत होती," आत्या म्हणाली. जर्मनीत तर २००९ पासून शाळेसारखे गुणच द्यायला लागले, १ म्हणजे सर्वोत्तम. थोड्याच वर्षांत देशभराची सरासरी १ च्या आसपास जाऊन बसली. शय्याव्रणांच्या काळजीत गेलेले गुण मोठ्या अक्षरातल्या जेवणाच्या यादीनं भरून निघतात, अशी टीका झाली आणि शेवटी २०१९ साली ती पद्धतच बदलावी लागली. आत्याला याचं अजिबात नवल वाटलं नाही. "अख्खा वर्ग पहिला आला तर समजायचं, पेपर फुटलाय."

आपल्याकडे तारेही नाहीत आणि गुणही नाहीत. मुंबईत इस्पितळ-नर्सिंग होमची नोंदणी होते ती मुळात १९४९ च्या कायद्यानं, तो आजाऱ्यांसाठी. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात राज्य सरकारला निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम 'उभारता येतील' असं म्हटलं आहे, सुरुवात दर जिल्ह्यात किमान एक आणि त्यात किमान १५० जणांची सोय. आत्याच्या भाषेत, हा ऐच्छिक प्रश्न. याच कायद्यानं मुलांनी द्यायच्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवली. आतेभावानं हा आकडा ऐकला तेव्हा त्याच्यासमोर सेंटरचं दरपत्रक होतं, ज्यात खोली वेगळी, फिजिओ वेगळं, डायपर वेगळे आणि हातमोजेही वेगळे होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. ज्येष्ठांच्या काळजीकेंद्रांची नोंदणी करावी, त्यांना किमान दर्जा ठरवून द्यावा, असं सांगणारं दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं होतं. ते मंजूर होण्याआधी त्या लोकसभेचीच मुदत संपली. महारेरानं २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, की दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद हवीत, न्हाणीघरात धरायला दांडा हवा, फरशी न घसरणारी हवी. चांगलंच झालं. पण ते विकायच्या घरांचे नियम. भिंती, दारं, फरश्या यांचं मोजमाप होतं. रात्री अडीच वाजता हाक मारली तर कोण येतं, याला फूटपट्टी नाही.

ती आत्यानं स्वतः तयार केली. हॉल बघून झाल्यावर व्यवस्थापक आम्हाला 'नमुना खोली' दाखवायला निघाले. आत्या म्हणाली, "नको. शेवटची दाखवा. सिस्टरच्या टेबलापासून सगळ्यात लांबची." व्यवस्थापक म्हणाले, तिथे पेशंट आहेत. "मग तर नक्कीच," आत्या म्हणाली.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला त्या खोलीत एक निवृत्त गृहस्थ होते. आत्यानं दारावर टकटक केलं, आत यायची परवानगी मागितली. ते एवढे चकित झाले की उठून बसायचा प्रयत्न करू लागले. दार वाजवून आत येणारं माणूस, ते म्हणाले, बऱ्याच दिवसांनी भेटलं. त्यांच्या परवानगीनं आत्यानं उशाशी असलेली बेल दाबली आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला. मनात नाही, चांगला खणखणीत. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. व्यवस्थापकांना काय चाललंय कळेना. पाढा एकदा पुरा झाला, दुसऱ्यांदा एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत आला तेव्हा मावशी आल्या. "दिवसा ठीक आहे," आत्यानं लाल पेनानं टिपून घेतलं. ते गृहस्थ हळूच म्हणाले, "रात्री तीसचासुद्धा घ्या बरोबर."

भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता होता. अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला व्रण पडतात आणि ते मग महिनोन्महिने भरत नाहीत. शेजारच्या खाटेसाठी तो तक्ता होता. घड्याळात अकरा वाजले होते. तक्त्यावर दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. आत्यानं काही न बोलता फक्त चष्मा वर केला आणि व्यवस्थापकांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. त्या नजरेपुढे तीन पिढ्यांनी गृहपाठ न केल्याचं कबूल केलं आहे. व्यवस्थापकांनीही केलं. "मॅडम, माणसं कमी आहेत," ते म्हणाले. आजीची मॅडम झाली होती.

माणसं कमी असणं म्हणजे काय, ते मावशींनी सांगितलं. त्या नालासोपाऱ्याहून येतात. बारा तासांची पाळी आणि वर लोकलचा प्रवास. मजल्यावर रात्री त्या आणि आणखी एक. कुणाला उचलून खुर्चीत बसवायचं तर दोघी लागतात, तेवढ्यात तिसऱ्या खोलीची बेल वाजते. मावशींचे स्वतःचे गुडघे दुखतात. आत्यानं त्यांना दोनच प्रश्न विचारले. "पगार वेळेवर होतो का? इथे किती वर्षं आहेस?" पगार वेळेवर होत होता, आणि मावशी चार वर्षं टिकून होत्या. आत्यानं इतका वेळ धरून ठेवलेली भुवई खाली आणली. जिथे शिक्षक टिकतात ती शाळा वाईट नसते, हा तिचा जुना सिद्धांत. अमेरिकेच्या सरकारनं नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण ताऱ्यांच्या हिशोबात धरलं ते २०२२ साली.

परतीच्या वाटेवर आतेबहिणीचा फोन आला. तिला अपराधी वाटत होतं. आईला असं कुठे ठेवायचं, पूर्वी का अशी सेंटरं होती? होती, पण निराळ्या कामांसाठी. हाजी अलीजवळची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करतं आहे. मोडलेल्या खुब्याच्या सर्वसाधारण म्हातारीसाठी मात्र घरातली सून हीच पुनर्वसन संस्था होती, आणि तिची नोंदणी कुठल्याच कायद्याखाली नव्हती. तिला पगार नव्हता, पाळी बदलत नव्हती, आणि नोकरी सोडून जाता येत नव्हतं. जुन्या काळाचे गोडवे गाताना हा हिशोब आपण सोयीनं विसरतो.

डॉक्टर अतुल गवांदे यांनी वार्धक्यावरच्या 'बीइंग मॉर्टल' या २०१४ सालच्या पुस्तकात आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे सीताराम गवांदे. जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. शंभरी गाठली तरी घोड्यावर बसून रात्री शेताची फेरी मारायचे. शेवटही आला तो कोर्टाच्या कामाला जाताना बसमधून पडून. गवांदे ही गोष्ट सांगतात, आणि अशा म्हातारपणासाठी भोवतीच्या तरुणांना काय द्यावं लागतं तेही सांगतात. मला मात्र तो घोडा विसरता येत नाही. आमच्या तक्त्यातल्या कुठल्याही सेंटरनं पहिल्या दिवशी घोडा जमा करून घेतला असता आणि दोन्ही मुलांनी सुरक्षिततेला दहापैकी दहा गुण दिले असते.

इथेच सगळ्या मूल्यमापनाची मेख आहे. गुण देणारे आपण, राहणार दुसरं. आपण देतो ते गुण आपल्याला रात्री झोप लागावी म्हणून. तिला पडू देऊ नका, हरवू देऊ नका, उपाशी ठेवू नका. हे सगळं हवंच. पण पाच वाजता उठणाऱ्या बाईला सात वाजेपर्यंत चहा मिळणार नसेल, तर सीसीटीव्हीत ती सुरक्षितपणे चहाची वाट बघताना दिसेल, एवढंच. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा तुम्ही ठरवा. एक रोप घ्या आणि त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिलं, पण पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक तरतरीत आणि आनंदी दिसू लागली. रोप तेच, माया तीच. फरक एवढाच, की एकांना कुणीतरी विचारलं होतं.

म्हणून माझ्यापुरता मी तो तक्ता दुरुस्त केला आहे. ऑक्सिजन आणि जनरेटर राहू दे, पण वर आणखी चार रकाने घातले आहेत. दारावर टकटक होते का? बोलताना कोणाकडे बघून बोलतात? शेवटच्या खोलीत बेल किती वेळात ऐकू जाते? 'नको' म्हटलेलं चालतं का? या चारांत जे सेंटर पास होईल, त्याच्या हॉलमध्ये फुलं कागदी असली तरी चालतील.

अंधेरीच्या सेंटरला आत्यानं १०० पैकी ५५ दिले. त्यांनी तिला दिले तेवढेच. "दोघांनाही सुधारायला वाव आहे," ती म्हणाली आणि राहायला तयार झाली. अट एक, पाचचा चहा. अट दोन, शुक्रवारी बाहेरचा डबा. अट तीन, कूस बदलण्याच्या तक्त्यावर सही झाल्यावरच व्हायची, आधी नाही. व्यवस्थापकांनी तिन्ही मान्य केल्या, त्यातली तिसरी जरा कान लाल करून.

प्रवेशाचा फॉर्म सहा पानी होता. शेवटच्या पानावर सहीसाठी दोन जागा होत्या, एक नातेवाइकाची आणि एक डॉक्टरांची. जिला राहायचं तिच्या सहीला जागाच नव्हती. आत्यानं लाल पेन काढलं, 'नातेवाईक' या शब्दावर सरळ रेघ मारली आणि खाली आपलं संपूर्ण नाव लिहून सही केली.

"मॅडम, याला फॉर्म बदलावा लागेल," व्यवस्थापक म्हणाले.

"बदला की," आत्या म्हणाली. "सावकाश बदला. मी आहे अजून सहा आठवडे."